मोटारीचे ब्रेक पॅड घरच्या घरी कसे बदलावेत?

आमच्या खाप्यासारख्या गावात चारचाकी ही हौसेची वस्तू कमी आणि धंद्याचे साधन जास्त असते. कापडाचे गठ्ठे, बांगड्या, भांडी किंवा संत्र्यांचे क्रेट घेऊन सावनेर, पारशिवनी किंवा थेट नागपूर गाठायचे, तर लहान व्यापाऱ्याला ओम्नी किंवा ईकोसारखी गाडी परवडते. ओम्नीचे उत्पादन 2019 साली बंद झाले, तरी जुन्या ओम्नी बाजाराच्या वाटेवर अजून दिसतात. या गाड्यांच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी मालक लगेच मिस्त्रीकडे धावतो. ब्रेकचा आवाज मात्र तो महिनोन् महिने ऐकून सोडून देतो. गाडी चालते आहे, थांबतेही आहे, मग पैसे कशाला घालवायचे, असा हिशेब असतो.

आमच्या ओळखीचे एक कापडवाले भाई याच हिशेबाने चालले होते. त्यांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक दाबताच बारीक शिट्टीसारखा आवाज येई. मुलगा म्हणाला, "अब्बा, एकदा चाक काढून पाहू." त्यांनी उत्तर दिले, "अरे, खडा अडकला असेल, निघून जाईल." तीन आठवड्यांनी शिट्टी खरोखरच थांबली आणि तिच्या जागी लोखंडावर लोखंड घासल्याचा करकर आवाज सुरू झाला. बाजाराच्या दिवशी माल भरलेला असताना गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढू लागली. पॅडचा मसाला संपून नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कवर नांगराच्या तासासारखे चर पडले होते. पॅडच्या एका सेटमध्ये भागणारे काम पॅड, दोन्ही डिस्क आणि बुडालेला बाजार एवढ्यावर गेले. कोणाला इजा झाली नाही, ही त्यातली मोठी गोष्ट.

पुढचे पॅड बदलणे हे काही गुपित शास्त्र नाही. ज्याच्या हाताला पाना-पकड धरण्याची सवय आहे, त्याला हे काम पहिल्या वेळी अर्ध्या दिवसात आणि पुढे दीड-दोन तासांत जमते. मात्र यात दोन-तीन जागा अशा आहेत की तिथली चूक पहिल्याच वळणावर समोर येते. म्हणून त्या जागांबद्दल येथे जरा विस्ताराने लिहितो.

ब्रेक काम कसे करतो?

चाकाबरोबर फिरणारी एक बिडाची तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो लोखंडी जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्या जबड्यात दोन पॅड बसवलेले असतात. आपण पायाने पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑईलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनपर्यंत पोहोचतो. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि जबडा पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडलाही डिस्कवर आवळतो. जबडा पिनांवर मोकळा सरकला पाहिजे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

गाडीचा वेग जातो कुठे? तो उष्णतेत बदलतो. गाडी आणि माल मिळून 1200 किलो वजन असेल आणि वेग ताशी 60 किलोमीटर असेल, तर ती एकदा पूर्ण थांबवताना जी उष्णता तयार होते तिने एक लिटर पाणी 30 अंशांवरून सुमारे 70 अंशांपर्यंत तापेल. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. हे सगळे तळहाताएवढ्या पॅडवर आणि डिस्कवर येते, आणि ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकत असल्याने त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांच्या वाट्याला येतो. म्हणूनच पुढचे पॅड लवकर झिजतात. ज्यांचा माल घेऊन सौंसरच्या पुढे छिंदवाड्याकडे जाणे-येणे असते त्यांनी सिल्लेवानी घाटात उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवावी. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे पॅड तापून त्यांची पकडच कमी होते.

मसाला किती उरला?

चाक काढून पॅडची जाडी पाहावी. मागची लोखंडी पट्टी सोडून फक्त मसाला मोजायचा. नवीन पॅडवर तो साधारण 10 मिलिमीटरच्या आसपास असतो. गाडीगणिक थोडा फरक पडतो. सुतार आणि गवंडी बंधूंना सांगायचे तर एक सूत, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर मसाला उरला की पॅड बदलावेत. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. पुष्कळ पॅडवर पातळ पोलादी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला टेकून शिट्टी देते. भाईंच्या गाडीतला "खडा" तोच होता.

टाकीतील ब्रेक ऑईलची पातळी हळूहळू उतरणे हीसुद्धा पॅड झिजल्याची खूण असते, कारण पिस्टन जितका पुढे सरकतो तितके ऑईल त्याच्या मागे जाऊन बसते. म्हणून पातळी कमी दिसली की नुसते ऑईल ओतून मोकळे होऊ नये. आधी पॅड पाहावेत, आणि पॅड जाड असतील तर गळती शोधावी.

आधी गाडी ओळखा

बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रममध्ये पॅड नसून लायनर लावलेले शू असतात. ते काम वेगळे आहे, या लेखात ते घेतलेले नाही. अगदी जुन्या मोटारींना पुढेही ड्रम सापडतात. चाकाच्या छिद्रातून टॉर्च मारून पाहिले की चकचकीत तबकडी आहे की बंद डबा, ते कळते. काही महागड्या गाड्यांना मागेही डिस्क असते आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरला जोडलेला असतो. तिथला पिस्टन सरळ ढकलून आत जात नाही, तो फिरवावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर त्याला खास उपकरण लागते. अशा मागच्या चाकाला घरी हात लावू नये.

साहित्य

जॅक आणि चाकाचा पाना गाडीतच असतो. त्याशिवाय लोखंडी स्टँड, रिंग पाने, वायर ब्रश, सुतारकामातला सी-क्लॅम्प, थोडी मजबूत तार, ब्रेकसाठीचे उष्णता सहन करणारे ग्रीस, ब्रेक क्लीनर, हातमोजे आणि तोंडाला मास्क एवढे जमवावे. पुस्तिकेत ज्या प्रतीचे ब्रेक ऑईल लिहिले असेल त्याचा एक बंद डबाही जवळ असू द्यावा.

स्टँडबाबत हयगय नको. आपल्याकडे जॅकवर गाडी उचलून खाली दोन विटा सरकवण्याची पद्धत आहे. वीट भाराखाली सूचना न देता फुटते. गाडीतला जॅक हा वाटेत चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर तासभर काम करायचे नसते. स्टँड नसेल तर शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणावा, पण त्याशिवाय काम सुरू करू नये.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. मातीच्या अंगणात जॅक रुततो. गिअर टाकावा, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांची उटी लावावी. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करावेत. मग गाडी उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड द्यावा, गाडीचा भार त्यावर उतरवावा आणि हाताने हलवून खात्री करावी. त्यानंतरच चाक काढावे. काढलेले चाक गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड निसटलाच तर गाडी त्यावर टेकते.

एका वेळी एकच बाजू उघडावी. याला दोन कारणे आहेत. काही विसरले तर दुसरी बाजू नमुन्यासाठी शाबूत राहते. शिवाय दोन्ही कॅलिपर उघडे असतील तर एकीकडचा पिस्टन ढकलताना दुसरीकडचा बाहेर येऊ शकतो.

कॅलिपरच्या मागे दोन सरकत्या पिनांचे बोल्ट असतात. बहुतेक लहान गाड्यांत खालचा बोल्ट काढला की जबडा वर उचलता येतो. पूर्ण सुटा करावा लागला तर तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. नळी बाहेरून चांगली दिसते, पण आतून चिरते आणि तो दोष पुढे महिन्यांनी त्रास देतो.

जुने पॅड काढताना कोणता आतला, कोणता बाहेरचा, पोलादी जीभ कोणत्या बाजूला होती, हे पाहून ठेवा. मोबाईलवर फोटो काढला तर उत्तम. आता दोन्ही पॅड शेजारी ठेवून झीज पाहा. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर ठीक आहे. आतला संपला आणि बाहेरचा जाड राहिला असेल, तर जबडा पिनांवर सरकत नाही किंवा पिस्टन मागे हटत नाही. पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असेल तरी पिनांचाच संशय घ्यावा. अनुभवी उस्ताद आणि नवशिका शागीर्द यांच्यातला फरक इथे दिसतो. शागीर्द जुना पॅड फेकून देतो आणि उस्ताद तो हातात धरून वाचतो. कारण दूर न करता नवे पॅड घातले, तर तेही तसेच वाकडे झिजणार.

धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी असाध्य रोग होतात. गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या कारागिरांनी ही धूळ किती खाल्ली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. क्लीनर फवारून किंवा ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. नवे पॅड घेताना ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचे पाकिटावर पाहून घ्यावे.

डिस्कवरून नखाची कड फिरवा. बारीक रेषा चालतात. नख अडकेल एवढे चर, भेगा किंवा तापून पडलेले निळे डाग असतील तर डिस्क मिस्त्रीला दाखवावी. डिस्कची कमीत कमी जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ज्यांच्याकडे व्हर्नियर आहे त्यांनी ती मोजून पाहावी.

आता पिस्टन आत ढकलायचा. नवा पॅड जाड असल्यामुळे त्याला जागा लागते. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या टाकीचे झाकण सैल करा. टाकी काठोकाठ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे ऑईल काढून घ्या, नाहीतर ते उतू जाईल. हे ऑईल रंगाला खाते. बॉडीवर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. मग जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळत जा. पिस्टन सरळ, एकसारखा आत गेला पाहिजे. हातोडा किंवा पहार वापरू नये. पिस्टन अडकला, तिरपा झाला, किंवा भोवतीचे रबर फाटून ओल दिसली, तर काम तिथेच थांबवावे.

पिना बाहेर काढून घासून पुसा आणि ब्रेकचेच ग्रीस पातळ लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस तापून वितळते आणि रबर फुगवते. थोडे ग्रीस पॅडच्या लोखंडी कानांवर, जिथे ते खाचेत सरकतात तिथे, लावले तरी चालते. मसाल्याच्या तोंडाला मात्र ग्रीसचा किंवा तेलकट बोटांचा स्पर्श होऊ देऊ नका. नवे पॅड बसवून जबडा खाली आणा, बोल्ट हाताने काही आटे फिरवून मग पान्याने घट्ट करा. हे बोल्ट लहान असतात. पाइप लावून जोर केला तर आटे जातात. घट्टपणाचा आकडा पुस्तिकेत असतो, टॉर्क पाना मिळाला तर तो वापरावा.

चाक बसवताना नट आधी हाताने लावा, नंतर एकाआड एक, समोरासमोरचे आवळा आणि गाडी खाली आल्यावर शेवटचा जोर द्या. दुसऱ्या बाजूलाही नवेच पॅड घालायचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर ब्रेक लावताच गाडी ओढते.

चावी फिरवण्यापूर्वी

या लेखातील सर्वांत महत्त्वाची ओळ ही आहे: इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत सावकाश, पुन्हा पुन्हा दाबा. आपण पिस्टन मागे ढकललेला असतो. तो पॅडला येऊन भिडेपर्यंत पहिले एक-दोन दाब पोकळ जातात आणि पेडल थेट तळाला टेकते.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. काम नीट झाले, हात धुतले, चहा घेतला आणि गाडी अंगणातून मागे काढायला बसलो. पाय दाबला तर खाली काहीच नव्हते. मी घाबरून पुन्हा पुन्हा पाय मारला, तोवर मागचा बंपर भिंतीला लागला. त्याच भिंतीजवळ माझा भाचा दोन मिनिटांपूर्वी पाने आवरत होता. त्याला आईने पाणी आणायला आत बोलावले होते. तेव्हापासून जॅक काढला की कोणी काही बोलण्याआधी मी पेडल मारतो आणि भाचा मोठ्याने मोजतो.

पेडल कडक झाल्यावर टाकीतील पातळी पाहून झाकण लावा. मग गाडी जागच्या जागी एक-दोन हात पुढेमागे करून ब्रेक तपासा. दाबल्यावर पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा आहे. हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

नवा पॅड लगेच पूर्ण पकड देत नाही. सकाळी मोकळ्या रस्त्यावर, माल न भरता, ताशी 50 किलोमीटरच्या वेगावरून 15 पर्यंत हलका ब्रेक लावत आठ-दहा वेळा वेग उतरवावा आणि मधे अर्धा किलोमीटर तरी गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते, हे लक्षात असू द्या. पाच-सहा दिवसांनी चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.

ब्रेक ऑईलबद्दल

त्याला आपण ऑईल म्हणतो, पण ते तेल नाही. इंजिन ऑईल किंवा कोणतेही खनिज तेल त्यात पडले तर आतली सगळी रबरे फुगून निकामी होतात. ते हवेतील ओलावाही शोषते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑईल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155 आहेत. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये जुने ऑईल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. अर्धा भरलेला जुना डबा कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरणे ही काटकसर नव्हे.

कुठे थांबावे?

चाकाच्या आत ऑईलची ओल दिसली, ब्रेक लावताना पेडल थरथरले, पॅड बदलूनही गाडी ओढत राहिली, किंवा समोर एबीएसचा दिवा लागून राहिला, तर मिस्त्रीकडे जावे. 2019 च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्याने अलीकडच्या गाड्यांत चाकाजवळ त्याची बारीक वायर असते. जबडा हलवताना ती ओढली जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. आपल्या गाडीचे काम जमले की शेजारी विचारतात, "आमचीही करून द्या ना." स्वतःच्या गाडीत चूक झाली तर दोष आपला. दुसऱ्याच्या गाडीत त्याची बायको-मुले बसणार असतात. ज्या तरुणांना यात धंदा करायचा आहे त्यांनी काही महिने चांगल्या गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली काढावेत किंवा आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करावा. खाप्याच्या आसपास गाड्या वाढत आहेत, तेव्हा शिकलेल्या हाताला काम कमी पडणार नाही.

पॅड घेताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून घ्यावेत. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक माप बदलते. नामांकित कंपन्यांच्या पाकिटांची नक्कल बाजारात असते. छपाई पुसट, मसाल्याच्या कडा तुटक आणि दुकानदार बिल द्यायला नाखूश, असे दिसले तर माल परत ठेवावा. आपण व्यापारी आहोत, फारच स्वस्त मालाचा भाव कुठून निघतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कापडवाल्या भाईंनी आता उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर गाडीचे खाते उघडले आहे. पॅड कधी घातले, मीटर किती होते, ऑईल कधी बदलले, सगळे त्यात लिहितात. दर पाच हजार किलोमीटरला त्यांचा मुलगा चाक काढतो, मसाला मोजतो आणि आकडा सुतात लिहितो. मागच्या नोंदीत "डावा अडीच सूत, उजवा अडीच सूत" असे आहे.